टोकाच्या घराचं पाणी

हॉस्पिटलात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे घड्याळबाई. हे नाव तिच्या कानावर गेलेलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. रक्तवाहिन्यांची सर्जन म्हणून तिला वीस वर्षं झाली होती, आणि वीस वर्षांत तिने एक नेम कधी चुकवला नव्हता. पोटातल्या मुख्य धमनीचं ऑपरेशन संपलं की पोट शिवायच्या आधी ती हत्यारं खाली ठेवायची, आतडं ओल्या कापडावर नीट मांडायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायची, "दहा मिनिटं." त्यानंतर कुणी बोलायचं नाही की हलायचं नाही. नवखे डॉक्टर अवघडून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत. भूल देणारे डॉक्टर पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर होते आणि आपल्याला कशाचंच सोयरसुतक नाही असा आव आणायची त्यांना हौस होती. ते हमखास विचारत, "पाहुणे कितीच्या गाडीने यायचेत?"

वाट पाहुण्यांची नव्हे, रक्ताची बघायची असे. मुख्य धमनी फुग्यासारखी फुगली की तेवढा भाग उघडून आत कापडी नळी शिवावी लागते. नेमकी तिथूनच एक बारीक फांदी डावीकडच्या आतड्याला जाते, आणि बहुतेक वेळा ती बांधून टाकण्यावाचून इलाज नसतो. आतड्याचं सहसा काही बिघडत नाही. वरून आणि खालून आडवाटेने त्याला रक्त मिळतं. पण शंभरातल्या दोघा-तिघांना ते मिळत नाही. आणि आतडं मोठं लबाड. पहिली दोन-चार मिनिटं ते छान गुलाबी दिसतं, सगळं आलबेल असल्यासारखं, आणि मग हळूच राखेच्या रंगावर जातं. म्हणून दहा मिनिटं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. फार पूर्वी एका पेशंटच्या मरणातून ती हे शिकली होती आणि तेव्हाच तिने कानाला खडा लावला होता.

चावीवाले काका तिच्याकडे आले ते बायकोला बरोबर घेऊन आणि पोटाच्या फोटोंचं भलंमोठं पाकीट काखेत मारून. शहराच्या पाणीखात्यात त्यांनी अडतीस वर्षं चाव्या फिरवल्या होत्या. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, आत लांब दांड्याची चावी घालायची आणि मोजून आटे फिरवायचे, प्रत्येक लाइनीचे वेगळे. या भागाचं पाणी बंद, त्या भागाचं सुरू. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना चावीवालेच म्हणत. अंगाने काटक माणूस, मनगटं मात्र पैलवानाची. हृदयाची ताकद निम्म्यावर आलेली, आणि पोटात धमनीचा मोसंब्याएवढा फुगा. फुटला असता तर हॉस्पिटलच्या पायरीपर्यंतही पोचले नसते.

तिने कागदावर चित्र काढून ऑपरेशन समजावलं. अशा वेळी लोक मान डोलावतात आणि एक अक्षर ऐकत नाहीत. काकांनी तिच्या हातातलं पेनच काढून घेतलं.

"ही मेन लाइन. ही तुम्ही बदलणार. ठीक. आणि ही बारकी, डावीकडे निघालीय ती?"

"ती बांधावी लागेल. पण त्या आतड्याला दोन्ही बाजूंनी रक्त मिळतं, त्यामुळे..."

"मिळतं असं कागदावर असतं," काका म्हणाले. "कागदावर टोकाच्या घरांनाही पाणी असतं."

"झालं. आता डॉक्टरबाईंना शिकवा," काकू म्हणाल्या.

"शिकवत नाही गं, सांगतोय. चावी फिरवली की आमचे बाकीचे लोक सायकलवर टांग मारून घरी. मी तसा जायचो नाही. लाइनीवरच्या शेवटच्या घरी जायचं, नळ उघडायचा आणि उभं राहायचं. आधी नुसती हवा येते. मग गढूळ येतं. मग चांगलं. ते डोळ्यांनी बघायचं, आणि मग जेवायला जायचं."

तिला हसू आलं. आपल्या जातकुळीचा माणूस भेटल्याचा आनंदही झाला. तिने त्यांना आपल्या दहा मिनिटांबद्दल सांगितलं.

"शब्द?" काकांनी विचारलं.

"शब्द."

"यांच्यापायी मी अडतीस वर्षं ताट वाढून थांबलेय," काकू म्हणाल्या. "तुम्ही दहा मिनिटं थांबा."

ऑपरेशन सोमवारी सकाळी झालं. नळी चांगली बसली, पण रक्त अंदाजापेक्षा जास्त गेलं आणि काकांचं अंग गार पडत गेलं. तिने बारकी फांदी बांधली, आतडं कापडावर मांडलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "दहा मिनिटं." या वेळी भूलवाल्या डॉक्टरांनी पाहुण्यांची चौकशी केली नाही. ते पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होते. चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "बाई, हृदय अडखळतंय. आता आटप."

तिने आतड्याकडे बघितलं. गुलाबी म्हणावं तर गुलाबी होतं. फिकट म्हणावं तर फिकटही. तिने पोट शिवायला घेतलं.

त्या जागी कुठलाही शहाणा सर्जन हेच करता, आणि तिला कुणी बोल लावला नसता. तरी हातमोजे काढताना तिचं लक्ष पुन्हा घड्याळाकडे गेलं आणि तिला वाईट वाटलं. माणूस शुद्धीवर नसताना त्याला दिलेला शब्द मोडला की तो मोडल्याचं आपल्यालाच ठाऊक राहतं. असा शब्द जास्त टोचतो.

मंगळवारी सकाळी अकराला आयसीयूतून थोरल्या सिस्टरांचा फोन आला. त्या उगाच फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"काकांना परसाकडे झालीय, मॅडम. रक्ताची."

अशा ऑपरेशननंतर चार दिवस पोट हलत नाही. दुसऱ्याच दिवशी रक्त पडलं तर त्याचा अर्थ बहुतेक एकच असतो.

आयसीयू चौथ्या मजल्यावर होता. लांब खोली, दहा खाटा, पश्चिमेला उंच खिडक्या आणि त्यांच्या खाली हात धुवायचं बेसिन. काका सहा नंबरच्या खाटेवर व्हेंटिलेटरवर होते. गुंगीचं औषध चालू होतं, पापणीही हलत नव्हती. पोट तटतटलेलं. तिने स्टेथोस्कोप टेकवला आणि पूर्ण पाच मिनिटं ऐकलं. पोट एरवी कधी पूर्ण गप्प नसतं. झोपेत, उपासात, आजारातही ते आपलं आपल्याशी काहीतरी पुटपुटत असतं. हे पोट गप्प होतं. घर बंद करून माणसं निघून गेल्यावर असतं तसं.

खालून दुर्बीण आत घातली तेव्हा पडद्यावर आधी निरोगी लाल रंग दिसला. मग फिकट. मग राखाडी. आणि पुढे वळणावर वीतभर भाग जांभळाच्या सालीसारखा काळपट.

प्रश्न एकच होता. मेलंय ते नुसतं अस्तर की आतड्याची अख्खी भिंत? अस्तर असेल तर ते पुन्हा येतं; रक्त तेवढं पोचलं पाहिजे. भिंत मेली असेल तर पोट उघडून तेवढं आतडं काढून टाकायलाच हवं, नाहीतर विष अंगभर पसरून दीड दिवसात सगळं आटोपतं. आतून बघून हे कळत नाही. बाहेरून बघायचं तर पोट पुन्हा उघडायला हवं.

"उघडलंस तर हृदयाने जातील," भूलवाले डॉक्टर म्हणाले. "नाही उघडलंस तर आतड्याने. कुठल्या दाराने न्यायचंय ते तू सांग. मी तयारी करतो."

थिएटरात अपघाताचा पेशंट होता. साडेचार-पाचच्या आत टेबल मोकळं होण्यासारखं नव्हतं. तिने पाचची वेळ घेतली.

दोन वाजता ती पुन्हा खाटेशी आली तेव्हा थोरल्या सिस्टर काकांच्या उजव्या हाताकडे बघत उभ्या होत्या. हात चादरीवरून वीतभर उचललेला होता. बोटं कशावर तरी घट्ट मिटलेली. मनगट सावकाश वळे, थांबे, मागे येऊन पुन्हा पकड घेई आणि पुन्हा वळे. त्यात झटका नव्हता, थरथर नव्हती. कामावरच्या माणसाचा हात असतो तसा तो हात होता.

"गुंगी कमी पडतेय का?" तिने विचारलं.

"दोनदा वाढवली मॅडम. एवढ्या औषधावर घोडासुद्धा उभा राहणार नाही."

हात बावीस वेळा वळला आणि खाली आला. सिस्टरांनी नोंद करायला पेन उचललं, मग तसंच ठेवलं. त्याच वेळी खिडकीखालच्या बेसिनचा नळ फुरफुरला. एक नर्स साबणाचे हात घेऊन तिथे उभी होती. पाणी बारीक झालं, थेंबावर आलं आणि गेलं.

तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण सिस्टरांनी चादर वर केली होती. काकांचा डावा पाय पांढरा पडला होता. तिने घोट्याला हात लावला. गार. नाडी नाही. नाडी ऐकायचं पेनाएवढं यंत्र असतं, ते तिने आधी घोट्याशी, मग पोटरीला, मग गुडघ्यामागे धरलं. नुसती खरखर.

नव्या नळीत गुठळी झाली, हा पहिला विचार. पण गुठळी झाली की पाय पांढरा होतो, मग निळा, मग त्यावर डाग उठतात. हा पाय पंधरा मिनिटांनीही नुसता पांढरा होता. कुणीतरी नीट बंद करून ठेवल्यासारखा.

तीनला हात पुन्हा उचलला गेला. या वेळी सोळा. उजव्या पायाची नाडी गेली. साडेतीनला एकवीस, आणि डाव्या हाताची नाडी गेली. सिस्टरांनी आता कागदावर आकडे मांडायला सुरुवात केली होती. असे आकडे कुठल्या रकान्यात लिहायचे ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते समासात लिहिले.

मधेच तिच्या घरून आईचा फोन आला. आई म्हणाली, "अगं, दुपारपासून नळाला टिपूस नाही. शेजारीही नाही. येताना काहीतरी खायला घेऊन ये, भांडी तशीच पडलीत." खाली हॉस्पिटलचा प्लंबर गच्चीवर जाऊन आला होता आणि दिसेल त्याला सांगत होता, की टाकी काठोकाठ भरलेली आहे, सगळे व्हॉल्व्ह उघडे आहेत, पाणीखात्यालाही विचारलं, त्यांच्याकडेही सगळं सुरू आहे. मग पाणी जातंय कुठे, ते तोही सांगू शकत नव्हता.

चार वाजता भेटायची वेळ झाली आणि काकू आत आल्या. हातात पिशवी, पायात हॉस्पिटलच्या सपाता. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, चादर सारखी केली आणि मग डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत अशा तोंडाकडे बघणारे अनेक नातेवाईक तिने पाहिले होते. खोटं बोलून काही उपयोग नसतो.

"आतड्याला रक्त पोचत नाहीये, काकू. पाचला पुन्हा पोट उघडावं लागेल. त्यातून ते परत येतील असं मला सांगता येत नाही."

काकूंनी हातातली पिशवी खाटेखाली ठेवली.

"आणि अजून एक. मी दहा मिनिटं थांबणार होते. मी चारच थांबले." हे बोलताना तिला लाज वाटली, पण आता थांबता येईना. "त्यांचं अंग गार पडत होतं, हे खरं आहे. तरी शब्द दिला होता मी."

काकूंनी उत्तर द्यायच्या आत काकांचा हात उचलला गेला.

काकू दचकल्या नाहीत. नवरा झोपेत घोरतो हे माहीत असलेल्या बाईसारख्या त्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलू लागले. हात थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "चौदा. गिरणीमागची लाइन." मग सिस्टरांच्या कागदाकडे मान वळवून, "आणि हे काय लिहिलंय? बावीस, सोळा, एकवीस. बावीस म्हणजे टेकडी. सोळा बाजारपेठ. एकवीस तर हीच, हॉस्पिटल आणि पलीकडच्या सगळ्या चाळी."

"हॉस्पिटलचं पाणी त्याच्या आधीच गेलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"वर टेकडीची बंद केली की इथलं प्रेशर जातंच," काकू म्हणाल्या. "एका उन्हाळ्यात केलं होतं यांनी असं. टोकाच्या वस्तीला तीन दिवस पाणी नव्हतं. कुणी ऐकेना. एके दिवशी यांनी भरदुपारी सगळ्या शहराच्या चाव्या एकेक करून बंद केल्या. साहेब नुसते लाल झाले होते. सगळीकडचं बंद केल्याशिवाय तिथवर पोचणार नाही, म्हणाले."

काकांचे ओठ, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा, सगळं कागदासारखं पांढरं झालं होतं.

टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरांनी उचलला आणि हाताने झाकून धरला. "मॅडम, थिएटर. टेबल लवकर मोकळं झालंय. पेशंट पाठवा म्हणतायत."

वीस वर्षांचं शिक्षण एका बाजूला होतं. ते ओरडून सांगत होतं की या माणसाच्या दोन्ही पायांत आणि एका हातात नाडी नाही, पळ. भूलवाले डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी खाटेकडे बघितलं.

"तुमची सहा मिनिटं राहिलीत ना?" काकू म्हणाल्या. त्या रागाने बोलत नव्हत्या. "मग ती आता थांबा."

तिने फोनकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"सहा मिनिटं," ती म्हणाली.

आयसीयूत आवाज पुष्कळ असतात. पण त्या खाटेभोवती कुणी बोललं नाही की हललं नाही. तिने स्टेथोस्कोप कानांना लावला आणि उजव्या हाताने पोटाच्या डाव्या बाजूला टेकवला. डावा हात तिने आधारासाठी खाटेच्या कठड्यावर ठेवला होता.

पहिलं मिनिट. काही नाही.

दुसऱ्या मिनिटाला काकांचा हात पाचव्यांदा उचलला गेला. तो हवेत काहीतरी शोधत सरकला, कठड्यावर आला आणि तिच्या डाव्या मनगटावर मिटला.

पकड घट्ट होती, पण दुखत नव्हतं. हात वळला. थांबला. पुन्हा पकड घेऊन वळला. तिने हात सोडवला नाही. सोडवता आला असता.

"ही कुठली?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

काकूंचे ओठ हलत होते. सात. आठ. नऊ. हात थांबला.

"ही मला माहीत नाही," काकू म्हणाल्या.

चौथं मिनिट.

तिच्या कानात एक आवाज आला. इतक्या लांबून, की आधी तिला तो स्वतःच्या श्वासाचा वाटला. फुस्स. मग थांबून पुन्हा. रिकाम्या नळातून हवा सुटते तसा. त्यामागे नळ्यांची लांबच लांब थरथर होती, मैलोन्‌मैल, जमिनीखालून, भिंतींतून, वळणावळणाने तिच्याकडे येणारी.

कुणीतरी नळाखाली भांडं ठेवलं. फरशीवर धातूचा आवाज. अगदी स्पष्ट.

ती हलली नाही.

मग पाणी आलं. रिकाम्या भांड्याच्या तळावर पडणारी धार. भांडं भरत गेलं तसा आवाज जड होत गेला. तेवढ्यात दुसरं भांडं. पलीकडे तिसरं. मग कितीतरी. घरामागून घर जागं होत होतं. कुठे दार उघडलं, कुठे कुणी लगबगीने चाललं, आणि एका बाईचा थकलेला, सुखावलेला आवाज आला, "आलं गं, आलं."

ती रडत होती. तिला ते कळलंही नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटत होती तीसुद्धा. पण एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे आपण हातात नळी धरून उभे आहोत, एवढंच तिला त्या क्षणी जाणवत होतं. देवळात जात नसे ती. गेली असती तर असंच वाटलं असतं, असं तिला पुढे अनेकदा वाटलं.

"सहा झाली," भूलवाले डॉक्टर म्हणाले.

"दुर्बीण द्या."

पडद्यावर लाल. मग फिकट. मग राखाडी, आणि वळणावर तो काळपट भाग. तिने दुर्बीण तिथे स्थिर धरली. काळपट भागाच्या कडेला एक रेघ दिसली, केसाएवढी, लाल. रेघ फुटली, तिला दोन फाटे आले, फाट्यांना फाटे. सगळे बघत असताना तो रंग पुढे सरकत गेला. आधी गढूळ, मग स्वच्छ. वीतभर आतडं त्यांच्या डोळ्यांदेखत गुलाबी झालं.

भूलवाल्या डॉक्टरांनी फोन उचलला, "टेबल नको," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

थोड्या वेळाने काकांचा हात पुन्हा उचलला गेला. या वेळी तो उलट्या बाजूने वळत होता. चौदा. ओठांवर रंग आला. एकवीस. सोळा. बावीस. खिडकीखालचा नळ खोकला, आधी तांबूस आणि मग स्वच्छ पाणी धो धो वाहू लागलं, आणि नर्स तो बंद करायला धावली. सिस्टरांनी दोन्ही पाय, डावा हात, सगळीकडची नाडी बघितली. जिथल्या तिथे होती. हात चादरीवर आला, बोटं उघडली आणि नंतर पुन्हा हलली नाहीत.

"पाच बंद केल्या होत्या," काकू म्हणाल्या. "चारच उघडल्या."

"सगळ्या नाड्या आहेत, काकू. मी दोनदा बघितल्या," सिस्टर म्हणाल्या.

काकूंनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

त्या संध्याकाळी चेंजिंग रूममध्ये घड्याळ काढताना तिने सहज डाव्या मनगटावर बोटं टेकवली. काही लागलं नाही. तिने जागा बदलली. दिवसातून पन्नास मनगटं बघणारी बाई ती. नाडी शोधायला तिला वेळ लागत नसे. उजव्या हाताला होती, ठणठणीत. डाव्या हाताला नव्हती. हात मात्र उबदार होता, नखं गुलाबी, बोटं हलत होती. तिने यंत्र आणून लावलं. नुसती खरखर. तिने यंत्र पुसून जागेवर ठेवलं आणि घरी जाताना आईसाठी खायला घेतलं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? हाताने काम नेहमीसारखं होत होतं. टाका चुकत नव्हता. जे समजत नाही त्याला नाव द्यायची घाई करायची नाही, एवढा शहाणपणा तिच्याकडे होता. फक्त दुसऱ्या कुणाच्या हातात हात द्यायचं ती टाळू लागली.

चावीवाले काका आठव्या दिवशी भात खाऊ लागले, तेराव्या दिवशी वॉर्डात फेऱ्या मारू लागले. ऑपरेशननंतरचं त्यांना काही आठवत नव्हतं. काकूंनी सांगितलं तर म्हणाले, "मी? काहीतरीच. निवृत्त माणूस मी, मला कोण चावीला हात लावू देतंय?" आणि हसले. हसताना टाके ओढले म्हणून पोटाला हात लावून पुन्हा हसले.

घरी सोडायच्या दिवशी लिफ्ट बंद होती. तिला चार मजले चढून यावं लागलं, आणि हल्ली चालण्याची सवय सुटलेली. वॉर्डात पोचली तेव्हा छाती धडधडत होती. काका कपडे करून खाटेवर तयार बसले होते. काकू पिशव्या भरत होत्या.

"शेवटचं एकदा पोट बघते," ती म्हणाली. "आडवे व्हा, काका."

काका आडवे झाले. उशाशी नर्सने नुकतीच नाडी लिहून ठेवली होती, चौसष्ट. तिने स्वतः त्यांचं मनगट धरून बघितलं. चौसष्टच होती, शांत.

मग तिने डावा हात त्यांच्या पोटावर ठेवला, खाली डावीकडे, आतड्यावर. तळव्याखाली ठोके लागले. जलद, धपापणारे, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. तिने हात उचलला नाही.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. दोन मिनिटं पडून राहा."

ती तशीच उभी राहिली. हळूहळू तिचा दम खाली बसला. तळव्याखालचे ठोकेही तसतसे सावकाश होत गेले.